काच फुटली म्हणून कंदील?

आमच्या एका विद्यार्थिनीचा फोन एस.टी.तून उतरताना पडला. काचेवर जाळे उमटले आणि अर्धा पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्याने डिस्प्ले बदलण्याचे साडेतीन हजार सांगितले. फोन तीन वर्षांचा. तिने आम्हांला विचारले, "काय करू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "जुन्यावर खर्च कशाला करतेस? नवा घेऊन टाक."

तिने हप्त्यांवर बारा हजारांचा नवा फोन घेतला आणि हप्ते फेडण्यासाठी रविवारी एका कापडदुकानात कामाला जाऊ लागली. दोन महिन्यांनी लोकसाहित्याचा प्रकल्प सादर करण्याची वेळ आली तेव्हा कळले, की आजीकडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या जुन्या फोनमध्येच राहिल्या आहेत. अखेर त्याचा डिस्प्ले बदलावाच लागला. बदलल्यावर तो पूर्वीसारखा चालू लागला! दोन्ही खर्च तिच्या माथी आले. सल्ला मात्र आमचा होता.

हा सल्ला आम्ही इतक्या सहजपणे का दिला असावा? गोधडी, कल्हई, रफू यांविषयी वर्गात भरभरून बोलणारे आम्ही. पण दुरुस्ती ही आमच्या लेखी गतकाळाची एक देखणी आठवण होऊन बसली होती, आजच्या खर्चाचा हिशेब नव्हे. तो हिशेब तर अगदी साधा होता. साडेतीन हजारांत जुना फोन आणखी दोन वर्षे चालला असता, तर वर्षाला पावणेदोन हजार पडले असते. नवा चार वर्षे टिकला तरी वर्षाला तीन हजार पडतात. दुरुस्तीचा आकडा एकदम समोर येतो म्हणून मोठा वाटतो आणि नव्याची किंमत हप्त्यांत वाटली जाते म्हणून लहान.

अर्थात दोष केवळ ग्राहकाच्या मनोवृत्तीचा नाही. कराडचे रेल्वे स्थानक ज्या ओगलेवाडीत आहे, तिथे ओगले बंधूंचा काचकारखाना होता. १९१६ साली सुरू झालेल्या या उद्योगाच्या 'प्रभाकर' कंदिलाने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत उजेड केला. त्या कंदिलाची काच फुटली की लोक बाजारातून काच आणत, वात संपली की वात. कंदील टाकून देण्याचा विचार कुणाच्या मनात येत नसे. फुटणार ते वेगळे काढता यावे, ही सोय वस्तूच्या घडणीतच होती. आजच्या बहुतेक फोनमध्ये काच, स्पर्शपटल आणि पडदा एकत्र चिकटवलेले असतात. बॅटरीही बव्हंशी डिंकाने बसवलेली असते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर नवा सुटा भाग सॉफ्टवेअरने मान्य केल्याशिवाय नीट चालत नाही. म्हणजे दुरुस्ती की नवा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण फोन घेण्यापूर्वीच कारखान्यात ठरलेले असते.

म्हणूनच हा प्रश्न कायद्याचाही आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनच्या लेबलवर त्याची दुरुस्तीसुलभता सांगणारी श्रेणी छापावी लागते. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टु रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले आणि दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ साली आपला अहवाल सादर केला. माहिती देणे ही सुरुवात झाली; सुटा भाग रास्त दरात तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचणे, ही खरी कसोटी.

दुरुस्ती दरवेळी शहाणपणाचीच असते, असे आमचे म्हणणे नाही. मदरबोर्ड गेला असेल, किंवा कंपनीने सुरक्षेची अद्यतने थांबवली असतील, तर नवा फोन घेणे रास्तच. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात तो असुरक्षित ठेवणे ही काटकसर नव्हे. स्वस्तातला नकली डिस्प्लेही पुढे डोकेदुखी ठरतो. पण केवळ काच फुटली असेल किंवा बॅटरी दमली असेल, तर पहिला विचार दुरुस्तीचाच व्हायला हवा. आणि नवा घ्यायचाच झाला, तर याचे सुटे भाग इथे मिळतात का, अद्यतने किती वर्षे मिळणार, हे कॅमेऱ्याच्या आधी विचारावे.

त्या विद्यार्थिनीला आजीच्या ओव्या मिळाल्या; प्रकल्पही उत्तम झाला. हप्ते मात्र अजून संपलेले नाहीत आणि रविवारी ती दुकानातच असते. यापुढे कुणी सल्ला विचारलाच, तर उत्तर देण्यापूर्वी आम्ही एवढेच विचारणार आहोत : नेमके काय फुटले आहे?