पणजीचे नाव

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सायंकाळी उधन्याकडे राहणारे एक तरुण जोडपे आपल्या महिन्याभराच्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. मुलाची आईही बरोबर होती. कुटुंब मूळचे वसईकडचे. कापडाच्या धंद्यात पोट भरण्यासाठी सुरतेस येऊन राहिलेले. बाप्तिस्म्याचा दिवस ठरवावा, एवढेच काम होते. परंतु नावाची गोष्ट निघाली आणि पाच मिनिटांचे काम तासभर लांबले.

मुलीची आई म्हणाली, ‘‘फादर, नाव आपल्या भाषेतले असावे. शाळेत हजेरी घेताना बाईंना ते नीट उच्चारता यावे.’’ आजीबाई म्हणाल्या, ‘‘नाव संतिणीचेच हवे. नाहीतर बाप्तिस्मा व्हायचा कसा?’’ मुलीच्या बापाने मोबाइलवर नावांची एक लांबलचक यादी काढून ठेवली होती. त्यातले एक त्याला फार आवडले होते, मात्र त्याचा अर्थ तिघांपैकी एकासही ठाऊक नव्हता.

वाद मिटावा म्हणून आम्ही सहज विचारले, ‘‘मुलीच्या पणजीचे नाव काय होते?’’

तिघेही गप्प झाले. शेवटी आजीबाई हळूच म्हणाल्या, ‘‘आम्ही मोठीआई म्हणायचो, फादर. सासूचे नाव कोण कशाला घेईल?’’ ज्यांना ते ठाऊक असते ते तिचे पुत्र, म्हणजे आजीबाईंचे यजमान, केव्हाच देवाघरी गेलेले. जिने भाताची लावणी करीत मुले वाढविली, जिची जपमाळ अद्याप या घरातील क्रुसावर लटकत आहे, तिचे नाव तिच्याच घरात कोणास ठाऊक नव्हते! वाचकहो, ही एका घराची कथा नव्हे. आपल्या गावात ‘अमक्याची आई’ व ‘तमक्याची बायको’ म्हणून जगलेल्या व तशाच मातीआड झालेल्या स्त्रिया थोड्या का आहेत?

प्रथम आजीबाईंच्या शंकेचे निरसन करू. १९१७ सालच्या जुन्या धर्मसंहितेत अशी आज्ञा होती की, बालकास ख्रिस्ती नाव दिले जाईल याची धर्मगुरूने काळजी घ्यावी. ते जमत नसेल, तर आईबापांनी ठरविलेल्या नावास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे वहीत लिहावीत. १९८३ सालच्या संहितेने हे बंधन सैल केले. आताचे ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेस परके असे नाव दिले जाणार नाही याची आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी दक्षता घ्यावी. तेव्हा मराठी नावामुळे बाप्तिस्मा अडत नाही.

आता सूनबाईंच्या म्हणण्याकडे वळू. जी नावे आपल्याला परकी वाटतात, ती आपापल्या देशी साधी घरगुतीच नावे होती. मार्गारेट म्हणजे ग्रीक भाषेत मोती. आपल्याकडची मुक्ता तीच. लूसी या नावात लॅटिन भाषेतला प्रकाश आहे. आपली प्रभा तिची बहीणच म्हणावी. आयरीन म्हणजे शांती, सोफिया म्हणजे प्रज्ञा, दोरोथी म्हणजे देवाची देणगी. हिब्रू भाषेतील आन्ना म्हणजे कृपा, सुसान्ना म्हणजे कुमुदाचे फूल, आणि एलिझाबेथ या नावाचा आशय ‘देव हीच माझी शपथ’ असा आहे. सिराक्यूजच्या लूसीला तिच्या आईबापांनी काही संतिणीचे नाव म्हणून ते नाव दिले नव्हते. ते संतिणीचे नाव झाले ते तिच्या जीवनामुळे व मरणामुळे.

शिवाय नाव परदेशातून आले, तरी ते परदेशी राहत नाही. लोकांच्या जिभेवर ते घोळते, झिजते आणि त्यांचे होते. पोर्तुगीजांच्या अमदानीत एलिझाबेथचे इझाबेल हे रूप कोकण किनाऱ्यावर आले आणि गोव्याच्या घराघरांत त्याची झाबेल झाली. केरळात १९१० साली जन्मलेल्या एका मुलीस घरचे लोक अन्नाकुट्टी म्हणत. अन्ना हे बायबलातले नाव आणि कुट्टी म्हणजे मल्याळम भाषेत लेकरू. तीच पुढे सिस्टर आल्फोन्सा झाली व २००८ साली संतपदास पोहोचलेली भारतातील पहिली स्त्री ठरली.

दूर उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. तेराव्या शतकात त्या प्रांतास ‘मरियेची भूमी’ असे नाव मिळाले. तेथील शेतकऱ्यांनीही हेच केले. कॅथरिनची त्यांनी कादरी केली, मार्गारेटाची रेट, बिर्गित्ताची पीरेट, आणि आन्नाची चक्क अनू! सोळाव्या शतकात तो देश कॅथलिक सभेपासून दुरावला व प्रार्थना बदलल्या. पण मुलींची नावे गेली नाहीत. आजही नोव्हेंबरच्या २५ तारखेस तेथे ‘कादरीचा दिवस’ पाळतात. आदल्या संध्याकाळी पांढऱ्या पोशाखात मुले दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि घराला व मेंढरांना बरकत चिंतितात. त्याच देशात देशी नावेही सुखाने नांदतात. ‘लिंद’ म्हणजे पक्षी. तेथील महाकाव्यातील वीरमातेचे नाव आहे लिंडा. कादरी आणि लिंडा एकाच बाकावर बसून शाळा शिकतात. मग आपल्या घरात मुक्ता व मार्गारेट यांचे भांडण कशाला?

भांडण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, आणि ती म्हणजे स्त्रीच्या नावाचे पुसले जाणे. महाराष्ट्रात कित्येक घरांतून लग्नात वधूचे नावच बदलण्याची चाल होती. ताटातील तांदळांवर नवे नाव लिहिले की माहेरचे नाव संपले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. लग्नानंतर त्या लक्ष्मी झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला तो निराळ्या मंडळीत. पण लक्ष्मी हे नाव त्यांनी पुढेही टाकले नाही, आणि मराठी वाङ्मयात ते अजरामर केले. आपल्यात बाप्तिस्म्याचे नाव लग्नाने बदलत नाही, हा आपल्या रीतीचा मोठा गुण. पण नाव बदलले नाही, तरी ते कोणी उच्चारलेच नाही, तर परिणाम वेगळा तो काय?

या आमच्या सुरतेत आर्मेनियन ख्रिस्ती व्यापाऱ्यांची एक जुनी दफनभूमी आहे. तेथील ज्या शिळा वाचल्या गेल्या, त्यांतील सर्वांत जुनी १५७९ सालची आहे; म्हणजे इंग्रजांचे पहिले जहाज सुरतेस लागण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षांची. ती एखाद्या सावकाराची असेल असे वाटते, परंतु ती एका स्त्रीची आहे. तिचे नाव मारिनास. वोस्कान नावाच्या धर्मगुरूची ती पत्नी, कारण त्यांच्या सभेत विवाहित पुरुषासही गुरुदीक्षा मिळते. नीतिसूत्रांत म्हटल्याप्रमाणे ती आपल्या पतीचा मुकुट होती, असे शोकाकुल पतीने दगडावर कोरविले, आणि तिचे वय त्रेपन्न असल्याचेही नोंदविले. तिच्याविषयी याहून अधिक आपणास काही कळत नाही. तथापि परमुलखात, परक्या मातीत, एका पतीने आपल्या पत्नीचे नाव दगडावर घातले म्हणून आज साडेचारशे वर्षांनंतर आपण ते उच्चारू शकतो.

आपल्या पणज्यांच्या वाट्यास असे दगड आले नाहीत. त्यांच्या वाट्यास आली ती चर्चमधील वही. बाप्तिस्म्याची नोंद व्यवस्थित ठेवावी, असा दंडक १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घालून दिला. त्या वहीत श्रीमंत व गरीब, मुलगा व मुलगी, सर्वांस एकेक ओळ मिळते. आम्ही त्या तरुणास सांगितले, ‘‘मुलीचे नाव पुढल्या खेपेस ठरवू. आधी गावच्या फादरांना पत्र लिहा.’’

तीन आठवड्यांनी उतारा आला. आम्ही तो वाचून दाखविला. मोठीआईचे नाव कतरीन. आजीबाईंनी ते एकवार मनाशी घोळवले, मग हळू आवाजात उच्चारले, ‘‘कतरीन,’’ आणि लगेच तोंडास पदर लावला. इतक्या वर्षांनी सासूचे नाव घेतले, याची लाज त्यांना वाटत होती की रडू येत होते, हे आम्हांस सांगता यायचे नाही. सूनबाईंनी नावाचा अर्थ विचारला. ग्रीक भाषेत जे निर्मळ, शुद्ध असते त्याच्याशी या नावाचे नाते जोडतात, असे आम्ही सांगितले. त्या किंचित हसून म्हणाल्या, ‘‘मग माझ्या मनातल्या नावाचाही अर्थ तोच आहे, फादर.’’

पुढच्या रविवारी त्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. आईने निवडलेले मराठी नाव व त्यापुढे पणजीचे नाव, अशी दोन्ही नावे आम्ही वहीत लिहिली. मोबाइलवरची यादी कोणी पुन्हा काढली नाही.

आमच्या वाचक कुटुंबांस एवढीच विनंती आहे. आज सायंकाळी जपमाळ संपली की घरातील सर्वांत वृद्ध माणसास शेजारी बसवा आणि विचारा : तुमच्या आईचे नाव काय? तिच्या आईचे काय? सासूचे काय? जे कळेल ते घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर शाईने लिहून ठेवा. जे कळणार नाही, ते तुमच्या गावच्या चर्चमधील वहीत बहुधा सापडेल. फादरांस विचारण्यास संकोच करू नये. मात्र विचारावयाचे ते लवकर विचारा. ज्यांना ही नावे तोंडपाठ आहेत, ती माणसे आता फार वृद्ध झाली आहेत.