पाण्याची परीक्षा जिभेने होत नाही

विहिरीस पाणी लागले की ते आधी चाखून पाहावे, ही खेड्यापाड्यांतील जुनी रीत आहे. पाणी मचूळ लागले तर शेतकरी हिरमुसतो. गोड लागले, साबणास फेस आला व डाळ लवकर शिजली, तर तो नारळ फोडून पंप बसवितो. घरच्या वापरापुरता या परीक्षेचा काही अंशी उपयोग होतो. जमिनीच्या दृष्टीने मात्र ती अपुरी आहे. कित्येकदा तर ती उलटाच निर्णय देते.

याचे कारण पाणी व खडक यांच्या परस्परसंबंधात आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कर्बवायू शोषून घेते व किंचित आम्ल बनते. हे पाणी खडकातील खनिजे अत्यंत सावकाश झिजविते. त्यांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम पाण्यात उतरतात आणि उरलेल्या द्रव्यांपासून चिकणमाती तयार होते. काळी जमीन व विहिरीचे पाणी ही अशी एकाच खडकाची दोन अपत्ये होत.

उथळ विहिरीच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असतात. अशा जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून गृहिणी त्यास नावे ठेवते. परंतु जमिनीच्या घडणीस ते मारक नसते. खोल भेगांतून दीर्घकाळ फिरलेल्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. त्यातील काही कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने वाटेतच खाली बसते. काही कॅल्शियम चिकणमाती व मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांतील झिओलाईट खनिजे धरून ठेवतात आणि त्याच्या मोबदल्यात सोडियम पाण्यास देतात. असे पाणी मऊ होते, साबणास फेस देते, कधी जिभेसही बरे लागते. परंतु त्यात सोडियम बायकार्बोनेट साठलेले असते.

हेच पाणी काळ्या रानात सोडले की सोडियम चिकणमातीच्या कणांस चिकटतो व तेथील कॅल्शियमची जागा घेतो. कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, निचरा थांबतो, आणि जमीन ओली असता चिखल व वाळली असता दगड होते. शेतकरी ज्यास चोपण म्हणतात ती हीच अवस्था. ती येण्यास काही हंगाम पुरतात. ती दूर करण्यास मात्र पुष्कळ वर्षे व पुष्कळ पैसा लागतो.

पाणी भूगर्भात किती काळ राहिले, हे शास्त्रज्ञ समस्थानिकांच्या साहाय्याने ठरवितात. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार 12.3 वर्षांत निम्मा होतो. 1952 नंतर वातावरणात झालेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे पावसातील त्याचे प्रमाण वाढत जाऊन 1963 च्या सुमारास कळसास पोचले. ज्या भूजलात ट्रिटियम जवळजवळ सापडत नाही, ते बहुतांशी त्या चाचण्यांपूर्वी मुरलेले समजावे. याहूनही जुन्या पाण्यासाठी 5,730 वर्षांत निम्मा होणारा कार्बन-14 उपयोगी पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने मातीत ट्रिटियम सोडून पावसाचे पाणी किती खोल झिरपते याची मोजमापे केलेली आहेत.

या संशोधनाचा शेतकऱ्यास सांगावा दुहेरी आहे. जुने पाणी खडकाशी दीर्घकाळ संगत करून आलेले असते, म्हणून ते तपासल्यावाचून जमिनीस देऊ नये. शिवाय ते दरवर्षी भरून येणारे उत्पन्न नसून पूर्वजांची ठेव आहे. ती व्याजाप्रमाणे खर्चता येत नाही.

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांस ठाऊक आहे. तेथे भूजल खारे असून पुष्कळ जमिनींत चोपणपणा निसर्गतःच आलेला आहे. अशा जमिनीस सोडियमयुक्त पाणी देणे म्हणजे दुखण्यावर डाग देणे होय. तेथे शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणीच अधिक हितावह ठरते.

तपासणीत वेळ जातो व खर्च होतो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कूपनलिका खोदण्याच्या खर्चापुढे तपासणीचे शुल्क नगण्य आहे. आणि बिघडलेल्या जमिनीची किंमत तर पैशांत करता येत नाही. पंप अर्धा तास चालवावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी, तीवर खोली व तारीख लिहावी आणि नमुना विनाविलंब प्रयोगशाळेस पोचवावा. अहवालात क्षारांबरोबरच उर्वरित सोडियम कार्बोनेटचा आकडा आवर्जून पाहावा. तो प्रतिलिटर 1.25 मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असल्यास पाणी सुरक्षित समजावे. 2.5 पर्यंत ते जपून वापरावे. त्यापुढे मात्र जिप्समची योजना व निचऱ्याची सोय केल्याशिवाय ते भारी जमिनीस देऊ नये.

कूपनलिकेची जागा दाखविण्यास गावात माणसे पुष्कळ मिळतात. लागलेले पाणी जमिनीस मानवेल काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने हा प्रश्न नारळ फुटण्यापूर्वी विचारावा. त्या दिवशी तो कदाचित कटू वाटेल. परंतु जमीन पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी सोपवावयाची असेल, तर तो टाळून चालणार नाही.