बदनाम जातींची बाजू

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र धाडलं. २३ जातींची कुत्री हिंस्र आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, ज्यांच्या घरी ती आधीच आहेत त्यांना नसबंदी करायला लावा, असा त्या पत्राचा आशय होता. पिटबुल आणि रॉटवायलर यादीत असणार हे कुणीही सांगितलं असतं. पण तुर्कस्तानातला कंगाल आणि बाल्कन डोंगरांतले टोर्नयाक, शारप्लानिनात्स हे मेंढपाळांचे राखणदारही तिथे होते. भारतात यांतला एखादा कुत्रा डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधून काढावा लागेल. जपानी तोसा दोनदा नोंदवला होता, बोअरबोएलही दोनदा. शिवाय ‘टेरियर’ असा एक मोघम उल्लेख होता. या नावात गुडघ्यापर्यंतही न पोचणारा जॅक रसेलसुद्धा येतो.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे परिपत्रक रद्द ठरवलं, ते मुख्यतः संबंधितांचं म्हणणं न ऐकल्याबद्दल. कार्यपद्धतीचा निकाल लागला, पण ज्या समजुतीतून ती यादी निघाली ती समजूत जिथल्या तिथे आहे. सोसायट्यांच्या सभांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, पार्किंगमधल्या गप्पांत ती रोज भेटते: काही जातींची कुत्री जन्मतःच वाईट असतात. हे चूक आहे, आणि या चुकीची किंमत कुत्र्यांइतकीच माणसांनाही मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो कमजोर न करता. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने एका वृद्ध महिलेचा जीव घेतला. अशा बातमीनंतर ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. या भीतीमागे तीन युक्तिवाद असतात. पहिला असा की बॉर्डर कॉली न शिकवताही मेंढ्यांभोवती फेर धरतो, पॉइंटर पाय उचलून सावज दाखवतो, तर मग पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी निवडलेल्या कुत्र्याच्या रक्तात झुंज का नसेल? दुसरा असा की पामेरियन चावला तर जखम होते, पिटबुल चावला तर माणूस दगावू शकतो. तिसरा असा की लिफ्टमध्ये निर्धास्त उभं राहण्याचा शेजाऱ्याचा हक्क कुत्रा पाळण्याच्या हौसेहून मोठा आहे.

तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुसराही मान्य आहे, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो. पहिला मान्य नाही, आणि सगळी यादी उभी आहे ती त्या पहिल्यावरच.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाची तपशीलवार माहिती घेतली होती आणि २,१५५ कुत्र्यांचा जनुकक्रम वाचला होता. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचं जातीवरून मिळणारं स्पष्टीकरण सरासरी ९ टक्के निघालं. हुकूम ऐकण्याची तयारी यांसारख्या काही गुणांत जातीचा वाटा जास्त दिसला. चिडून अंगावर येण्याची वेळ किती लवकर येते, याबाबत मात्र जात जवळजवळ काहीच सांगत नव्हती. मालकांनी दिलेली माहिती पक्षपाती असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. पण मग ‘ही जात तापट’ हे आपलं मत तरी कशावर बेतलेलं आहे? ऐकीव गोष्टींवर. त्यापेक्षा अठरा हजार मालकांची माहिती मी अधिक भरवशाची मानतो.

झुंजीचा इतिहास खरा आहे. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला आणि शौकिनांनी बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून कुत्र्या-कुत्र्यांच्या झुंजी लावायला सुरुवात केली. तीच कुत्री पुढे अमेरिकेत गेली. पण त्या झुंजीत माणूस कुत्र्याच्या शेजारी रिंगणातच उभा असे, भर लढाईत कुत्र्याला हाताने उचलून बाजूला करत असे. अशा वेळी उलटून माणसालाच चावणारं जनावर त्या धंद्याला परवडणारं नव्हतं. म्हणून या वंशातल्या अनेक कुत्र्यांना दुसरी कुत्री खपत नाहीत, हे मालकाने ओळखून असलं पाहिजे. त्यावरून माणसाशी वैर सिद्ध होत नाही. जबडा एकदा मिटला की कुलूप लागतं, ही तर निव्वळ दंतकथा. पिटबुलच्या जबड्यात इतर कुत्र्यांहून निराळं असं कुठलंच हाड किंवा सांधा नसतो.

शिवाय समोरचा कुत्रा पिटबुल आहे हे ठरवतं कोण? फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यांतल्या १२० कुत्र्यांची जात तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारली. त्यांत पशुवैद्यही होते. निदान एका कर्मचाऱ्याने तरी पिटबुल वर्गातला म्हटला असे ६२ कुत्रे निघाले. डीएनए तपासणीत त्या वंशाची खूण सापडली २५ जणांत. रोज कुत्री हाताळणाऱ्यांची ही गत असेल, तर चावा घेऊन पळालेल्या कुत्र्याचं वर्णन करणाऱ्या घाबरलेल्या साक्षीदाराच्या शब्दावर जातीचा गुन्हा कसा शाबीत करायचा?

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा पुरावा २०१३ मधला आहे. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांमुळे झालेल्या २५६ मृत्यूंची पोलीस आणि तपास अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन छाननी झाली. ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असा धडधाकट माणूस जवळ नव्हता. ८५ टक्क्यांत मृत व्यक्तीची त्या कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा जुजबी होती. ८४ टक्के घटनांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्के घटनांतली कुत्री कुटुंबात वावरणारी नव्हती. आवारात, साखळीला, पिंजऱ्यात, माणसांपासून दूर ठेवलेली होती. दर पाच घटनांपैकी चारांत यांसारखी चार किंवा अधिक कारणं एकत्र आलेली होती. आणि कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती केवळ १८ टक्के घटनांत. ज्या एका गोष्टीवर आपण कायदे करायला निघालो, तीच त्या छाननीत सगळ्यात कच्ची ठरली. टाळता येण्याजोगी कारणं बहुतेक सगळी माणसाच्या हातातली होती.

नावडत्या जाती बदलत राहतात, हेही विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पळालेल्या गुलामांच्या मागावर सोडलेला ब्लडहाउंड हे दहशतीचं नाव होतं. पुढे पाळी जर्मन शेफर्डची आली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने त्याच्या नावातलं जर्मनपण पुसून त्याला अल्सेशियन केलं; ऑस्ट्रेलियाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याची आयातच बंद केली आणि ती बंदी १९७० च्या दशकापर्यंत टिकली. तिथल्या रानकुत्र्यांशी त्याचा संकर होऊन मेंढ्यांचा काळ जन्माला येईल, ही भीती. आज पोलिसांच्या श्वानपथकात हाच कुत्रा पाहून मुलं टाळ्या वाजवतात. डॉबरमनबद्दल तर आपल्याकडे लहानपणापासून एकच गोष्ट ऐकवली जाते: याचा मेंदू वाढत जातो, कवटीत मावत नाही, मग तो वेडा होऊन मालकावरच उलटतो. जगातल्या कुठल्याही कुत्र्याचा मेंदू असा वाढत नाही. जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या ज्या करवसुली करणाऱ्या गृहस्थाच्या नावाने ही जात ओळखली जाते, त्याला वसुलीच्या फेरीत सोबतीला राखणदार हवा होता. तरीही बंगल्यांच्या फाटकांवर पाटी लागली, गोष्ट पसरली, आणि अनेक घरांत डॉबरमनला जन्मभर बांधून ठेवण्याचं समर्थन त्या गोष्टीने पुरवलं.

ब्रिटनने १९९१ मध्ये पिटबुलसह चार जातींवर कायद्याने बंदी घातली. तीस वर्षांनी तिथे अमेरिकन एक्सएल बुली हा आणखी वजनदार कुत्रा फोफावला होता आणि लोक मरत होते. मग २०२३ अखेर तोही यादीत गेला, फेब्रुवारी २०२४ पासून सूटपत्राशिवाय तो बाळगणं इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा झालं. पुढचं नाव कुठलं असेल कोण जाणे. नेदरलँड्सने १९९३ मध्ये अशीच बंदी आणली आणि २००८ मध्ये ती सोडून दिली, कारण चावे घटल्याचं दिसेना.

आता आपल्याकडचं चित्र. दरारा वाटावा म्हणून रॉटवायलर विकत घेतला जातो. पिल्लू जेमतेम महिन्याचं असतानाच आईपासून तोडून विकलं जातं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात कळीचा, हे स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्येच दाखवून दिलं होतं. या आठवड्यांत ते भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, छत्री, हेल्मेट, कुकरची शिट्टी या सगळ्यांना ते सरावतं. नेमका हाच काळ आपण त्याला खोक्यात, दुकानात आणि बाल्कनीत घालवायला लावतो. मग ते अंगाने वाढतं, ओढलं की आवरत नाही, म्हणून फिरायला नेणं बंद होतं. दिवसभर ग्रिलला बांधलेलं, आल्यागेल्यावर भुंकलं की कौतुक, घरच्यांवर गुरगुरलं की काठी. काही जणांना तर ‘अंगावर जा’ शिकवण्यात भूषण वाटतं. फार्महाऊसवर ठेवलेल्यांची कथा याहून वाईट. आठवड्यातून एकदा मालक येतो, एरवी रखवालदाराने लांबून सरकवलेली थाळी एवढाच माणसाशी संबंध. असा कुत्रा एक दिवस साखळी तोडून कुणाला तरी फाडतो आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यात त्याच्या जातीचं नाव येतं. मालकाचं नाव कुठेतरी आत, शेवटच्या ओळीत. मला संताप येतो तो इथे.

आवडीनेही कुत्र्याचं भलं होतंच असं नाही. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग घराघरांत पोचला आणि त्याला मागणी आली. चपट्या नाकामुळे श्वास घेतानाच धाप लागणारं ते जनावर मे महिन्याच्या उन्हात तडफडतं, आणि आपण त्याच्या घोरण्याला गोंडस म्हणतो. दिसण्याच्या हौसेपायी श्वासच कोंडेल अशी पैदास करणाऱ्यांविरुद्ध कुणी मोर्चा काढला तर मी त्यात चालेन.

मग करायचं काय? वर दुसरा मुद्दा मान्य केला, तो इथे कामाला येतो. ज्या कुत्र्याच्या चाव्याने जीव जाऊ शकतो, त्याच्या मालकावर जास्त बंधनं हवीत. ती वजन आणि ताकद पाहून लावावीत, नाव पाहून नव्हे. नोंदणी, नसबंदी, आवरू शकेल अशाच प्रौढ माणसाच्या हातात दोर, लिफ्ट-जिन्यात तोंडाला जाळी. ज्याचं घर दिवसभर रिकामं असतं आणि ज्याने आजवर एकही कुत्रा सांभाळलेला नाही, त्याला रॉटवायलर किंवा काने कोर्सो देऊ नये, हे मी बेधडक म्हणतो. ही कुत्री सगळ्यांसाठी नाहीत. लॅब्रडॉरही सगळ्यांसाठी नाही.

यातलं बरंचसं कायद्यात आधीच आहे. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सतत साखळीला असलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जास्त काळ उलटला, पन्नासाचे पन्नासच राहिले. एवढ्या पैशांत त्या कुत्र्याचं एक वेळचं खाणंही येत नाही. जो विभाग एका पत्राने २३ जातींवर बंदी आणू पाहतो, त्याने हा आकडा बदलण्यासाठी तेवढाच जोर लावावा.

शेवटचा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे: जात पाहायची नाही म्हणजे कुणाचा तरी पहिला बळी जाईपर्यंत थांबायचं का? नाही. बहुतेक कुत्री एकदम जीव घेत नाहीत. त्याआधी गुरगुरणं असतं, फाटकावर झेप असते, दूधवाल्याची फाटलेली पँट असते, मोलकरणीच्या पोटरीला लागलेला दात असतो. मालक औषधाचे पैसे देऊन विषय मिटवतो. पहिल्या तक्रारीचीच नोंद व्हावी, पालिकेच्या पशुवैद्याने त्या कुत्र्याची आणि त्याच्या राहण्याच्या जागेची पाहणी करावी, आणि प्रशिक्षण, जाळी, नसबंदी की कुत्रा काढून घेणं याचा लेखी निर्णय द्यावा. दुसऱ्या वेळी भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागावं. जनावराबाबतच्या निष्काळजीपणासाठी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तक्रार अल्सेशियनबद्दल असो, पामेरियनबद्दल असो की गावठीबद्दल, अर्ज एकच असावा, आणि त्यात पहिला रकाना मालकाच्या नावाचा असावा.