वाचकवर्गाची गणना आणि भारतीय भाषांचा ग्रंथव्यवहार

भारतीय भाषांतील ग्रंथव्यवहाराची चर्चा निघाली की दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचत नाही, असे लेखक म्हणतो. वाचकच उरला नाही, असे प्रकाशक म्हणतो. या दोन्ही विधानांत ‘वाचक’ हा शब्द एकवचनी आहे आणि गोंधळाचे मूळ बहुधा त्या एकवचनातच आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटी तीस लाखांच्या घरात होती. आणि हजार प्रतींची आवृत्ती हे मराठी प्रकाशनाचे दीर्घकाळ जणू प्रमाणच होऊन बसले होते. या दोन आकड्यांमधील दरी ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ या शब्दांनी बुजविणे सोपे आहे. परंतु त्यामुळे ज्ञानात काही भर पडत नाही. कोण वाचतो, केव्हा वाचतो, कशासाठी वाचतो, हे प्रश्न सातत्याने विचारण्याची शिस्त साबण आणि दंतमंजन विकणाऱ्यांनी अंगी बाणविली. ग्रंथ निर्माण करणाऱ्यांनी मात्र ती आपल्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारी मानली.

ही शिस्त विपणनशास्त्रात ‘बाजारविभाजन’ या नावाने ओळखली जाते. १९५६ साली वेन्डेल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने तिची सूत्ररूपाने मांडणी केली. बाजारपेठ हा एकजिनसी समूह नसून भिन्न गरजांच्या अनेक लहान समूहांची ती गोळाबेरीज असते, हा तिचा गाभा. प्रारंभी हे समूह वय, उत्पन्न, शिक्षण अशा बाह्य लक्षणांवरून पाडले जात. १९६४ साली डॅनियल यँकेलोविच यांनी या पद्धतीची मर्यादा घड्याळांच्या उदाहरणाने दाखविली. कोणी स्वस्तात मिळते म्हणून घड्याळ घेतो, कोणी टिकाऊपणासाठी घेतो, तर कोणी एखाद्या मंगल प्रसंगाची खूण म्हणून भेट देण्यासाठी घेतो. हे तीन ग्राहक एकाच उत्पन्नाचे, एकाच वयाचे असू शकतील. किंबहुना एकच माणूस तीन वेळा तीन निराळे ग्राहक होऊ शकेल. विभाजन माणसांचे नव्हे, हेतूंचे करावयाचे असते, हा या विवेचनाचा इत्यर्थ साहित्याच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटावा.

सिद्धान्त परदेशी असला तरी व्यवहार आपल्याकडे अपरिचित नव्हता. वा. गो. आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ हे मासिक काढले तेव्हा मूल हा स्वतंत्र वाचक आहे, मोठ्यांचे उरलेसुरले त्याच्यापुढे ठेवून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. नांगर बनविणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याच घराण्यातील शं. वा. किर्लोस्कर यांनी १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके सुरू केली. तीन मासिकांचे तीन वाचकवर्ग, हे निव्वळ साहित्यप्रेमाचे फळ नव्हते. त्यामागे गिऱ्हाइकाची पारख असलेली उद्योजकाची दृष्टी होती. तरीही ‘स्त्री’ने मराठी मध्यमवर्गीय स्त्रीच्या आत्मभानात घातलेली भर कोणी नाकारणार नाही. हिंदीत १९५८ साली दीनानाथ मल्होत्रा यांनी ‘हिंद पॉकेट बुक्स’ची स्थापना करून रुपयाच्या पुस्तकाचा प्रयोग केला आणि पुढे ‘घरेलू लायब्ररी योजने’तून टपालाने पुस्तके घरोघर पोहोचविली. ग्रंथाच्या दुकानाची पायरी कधी न चढलेला, पण रेल्वेच्या फलाटावर आणि टपालपेटीपाशी भेटणारा वाचक त्यांनी हुडकून काढला. व्यापार आणि वाङ्मय यांचे वैर जन्मजात असते, या समजुतीला ही उदाहरणे पुष्टी देत नाहीत.

मग आजच्या पाहण्यांचा उपयोग भारतीय भाषांच्या प्रकाशकाला का होत नाही? कारण त्या पाहण्यांची मोजपट्टीच निराळी आहे. राष्ट्रीय वाचक पाहणी १९७० साली प्रथम झाली. तिच्या नावात ‘वाचक’ असला तरी हेतू वृत्तपत्रांतील जाहिरातींच्या जागेचे मोल ठरविण्याचा होता. १९८८ साली भारतीय बाजारसंशोधकांच्या संघटनेने शहरी कुटुंबांची सामाजिक-आर्थिक प्रतवारी निश्चित केली. कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय आणि शिक्षण हे तिचे दोन निकष. २०११ साली ती बदलून शिक्षणाच्या जोडीला घरातील वस्तूंची संख्या हा निकष आला. वीजजोडणी, पंखा, स्वयंपाकाचा गॅस, दुचाकी, दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, मोटार, इतकेच काय शेतजमीनसुद्धा त्या अकरा गोष्टींच्या यादीत होती, पुस्तक नव्हते. यात यादी करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना क्रयशक्ती मोजावयाची होती, जिज्ञासा नव्हे. परंतु हीच प्रतवारी उसनी घेऊन कोणी वाचकाचा शोध घेऊ लागला, तर घरातील शीतकपाटावरून घरातील कवितेचा अंदाज बांधण्यासारखे ते होईल. कमावत्या पुरुषाच्या शिक्षणावरून सगळ्या घराची पत ठरविणाऱ्या पाहणीत सासूच्या ओव्या, सुनेचे ग्रंथालयातील वर्गणीचे पुस्तक आणि शाळकरी मुलीची वही यांना स्थान कोठून मिळणार?

भाषेच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर येथील मराठी भाषक हा पाहणीच्या दृष्टीने त्या त्या राज्याच्या लोकसंख्येतील एक तुरळक बिंदू असतो. वास्तविक तो दोन-तीन भाषांत वावरणारा वाचक आहे. वृत्तपत्र तो हिंदीत किंवा गुजरातीत वाचतो, व्यवसायाचे वाचन इंग्रजीत करतो आणि मराठीकडे वळतो तो स्मरणासाठी, नाटकासाठी, संतवाङ्मयासाठी. एका माणसाला एका भाषेच्या रकान्यात बसविणारी मोजणी भारतीय वाचनाचे मूळ वैशिष्ट्यच पुसून टाकते. वाचनाच्या हेतूंनुसार विभाजन केले तरच हा वाचक दिसू शकेल.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वाचकांचे गट पाडून त्यांच्या आवडीचे पुरवू लागले, तर साहित्य मागणीचे दास होणार नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. मात्र ते वेगळ्या ठिकाणी आहे. पाहणी जे अस्तित्वात आहे तेच मोजते, ही तिची खरी मर्यादा. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ ही स्वस्त धुण्याची पूड विकावयास आरंभ केला, तेव्हा तिचे भावी गिऱ्हाईक वडीच्या साबणाने कपडे धूत होते. महागडी पूड विकणाऱ्या प्रस्थापित कंपनीच्या लेखी ते त्या बाजारपेठेत नव्हतेच. पुढे ‘निरमा’ घरोघर पोहोचल्यावर त्याच कंपनीला ‘व्हील’ ही स्वस्त पूड काढावी लागली. ज्याला मोजलेच नाही तो वर्ग सर्वांत मोठा निघाला.

मराठी साहित्यात हे याहून खोल अर्थाने घडले. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी प्रस्थापित मासिकांच्या वर्गणीदारांची कितीही काटेकोर पाहणी केली असती, तरी अशा पुस्तकाची मागणी तीत आढळली नसती. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही आत्मकथने ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केली. ‘ग्रंथाली’ ही स्वतःला वाचकांची चळवळ म्हणविणारी संस्था. सभासदांनी आगाऊ पैसे भरावेत आणि पुस्तक सवलतीत मिळवावे, ही तिची योजना. हिशेबाच्या भाषेत पाहिले तर हे ग्राहकवर्ग निश्चित करणेच होते. पण येथे वर्ग आधी मोजून पुस्तक मागून बेतलेले नव्हते. वर्गाचा विश्वास संपादून, त्याला अपरिचित असे पुस्तक त्याच्या हाती देण्यात आले. आणि त्या पुस्तकांनी आणखी एक वाचक घडविला, स्वतःचे जगणे प्रथमच छापील पानावर पाहणारा. तो कोणत्याही पाहणीच्या रकान्यात नव्हता.

यावरून संशोधन निरुपयोगी ठरत नाही; त्याचे क्षेत्र ठरते. काय लिहावे हे त्याने सांगू नये. लिहिले गेलेले कोठे, कोणत्या किमतीला, कोणत्या आकारात, कोणाच्या हातून पोहोचावे, हे मात्र त्यानेच सांगावे. या कामी आदर्श परदेशात शोधण्याची गरज नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या हाती बडोदे संस्थानची ग्रंथालये सोपविली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग, खेड्यांसाठी पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये, अशी जी व्यवस्था तेथे उभी राहिली, ती वाचकविभाजनाचीच व्यवस्था होती. फरक इतकाच की तिचा हेतू विक्री वाढविणे हा नसून वंचितापर्यंत पोहोचणे हा होता. साधन तेच, हेतू बदलताच त्याचे रूप पालटले.

आज महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान मिळविणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्या देवघेवीच्या नोंदवह्यांत वाचकांच्या हेतूंचा जो पुरावा पडून आहे, तो कोणत्याही जाहिरात संस्थेच्या पाहणीत मिळणार नाही. कोणते पुस्तक कोणत्या महिन्यात मागितले जाते, कोणते दहा वर्षे कोणी उघडले नाही, कोणते इतके हाताळले गेले की पुन्हा बांधावे लागले, हे सारे तेथे लिहिलेले आहे. वाचकाचे नाव उघड न करता या नोंदींचा अभ्यास करणे विद्यापीठांतील भाषाविभागांना सहज शक्य आहे. वाचकप्रतिसादाचे सिद्धान्त शिकविणाऱ्या विभागांनी प्रत्यक्ष वाचकाकडे पाठ फिरवावी, ही विसंगती दूर होण्यासही त्यामुळे साहाय्य होईल. प्रकाशकाने हा अभ्यास न केल्यास त्याचे फार तर आर्थिक नुकसान होईल. अभ्यासकाने न केल्यास वाचकाची व्याख्या करण्याचा अधिकार केवळ विक्रेत्याच्या हाती जाईल. आणि ज्याची क्रयशक्ती मोजण्याजोगी नाही तो वाचकच नाही, असे एके दिवशी सिद्ध झालेले दिसेल. भारतीय भाषांतील बरेचसे मोलाचे लेखन ज्यांच्यातून आले आणि ज्यांच्यासाठी झाले, ती माणसे त्या दिवशी हिशेबातून वगळली गेलेली असतील.