मराठी एसएमएसला दुप्पट पैसे का?

एकच मजकूर इंग्रजी अक्षरांत पाठवला तर एका एसएमएसचे पैसे पडतात. तोच देवनागरीत पाठवला की बहुतेक वेळा दोनचे, कधी तीनचेही. हा दर कुणी सभा घेऊन ठरवलेला नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांच्या सचिवांना तो पाठ आहे. मी गडहिंग्लजला बसून अशा संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. दूध घातल्यावर उत्पादकांना जाणारे संदेश मराठीत सुरू करू या म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं : "ताई, इंग्लिश अक्षरातच राहू दे. दोन वेळचं दूध, एवढे उत्पादक, दुप्पट बिल कोण भरणार?"

सचिवांचं गणित बरोबर आहे. एका एसएमएसच्या पोटात 140 बाइट मावतात, म्हणजे 1120 बिट. इंग्रजी अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 160 अक्षरं बसतात. देवनागरी आली की यंत्रणा सरसकट प्रत्येक अक्षराला युनिकोडचे 16 बिट देते आणि जागा उरते 70 अक्षरांची. 160 हा आकडा फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने 1985 मध्ये काढला. बॉनमध्ये टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं बडवायची, अक्षरं मोजायची, आणि माणसाचं बोलणं साधारण किती जागेत आटपतं ते पाहायचं, अशी त्याची पद्धत. त्या टेबलावर मराठी नव्हती याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे.

आधी 70 अक्षरं म्हणजे किती ते पाहा. सकाळी दूध घालून घरी परतलेल्या माणसाला जे कळायला हवं, ते असं : 'दि. 12 सकाळ म्हैस 4.5 लि. फॅट 7.0 एसएनएफ 9.1 दर 54.20 रक्कम 243.90'. (एसएनएफ म्हणजे फॅट वगळून दुधातले घन घटक.) मोकळ्या जागा धरून ही 66 अक्षरं झाली, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'म्हैस' हे दोन अक्षरी दिसत असलं तरी मोजणीत पाच. उरल्या चार जागा. त्यात संस्थेचं नाव कसं बसवणार? नाव तर टाकावंच लागतं. एकाहत्तरावं अक्षर आलं की संदेश दोन तुकड्यांत जातो, जोडणीच्या खुणेला जागा द्यावी लागत असल्याने तुकड्यामागे 67 अक्षरंच मिळतात, आणि पैसे दोन संदेशांचे.

कुणी म्हणेल, व्हॉट्सॲप आहे की. आहे. पण गोठ्यात वापरायचा फोन साधा बटणांचा असतो, त्यात नेटचा पॅक नसतो, आणि आज फॅट का लागली नाही याची चौकशी घरातली बाईच करते. तिला देवनागरी वाचता येते. रोमन अक्षरांतली 'म्हैस' तिला नातवाकडून वाचून घ्यावी लागते.

म्हणून मी आणि काही मित्रांनी एसएमएस पाठवण्याची एक मुक्त लायब्ररी लिहायला घेतली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमरने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून वापरायचा तयार कोड. आमचा कुणीही फुकट घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. या वाटेवरचे आम्ही पहिले नव्हे. कॅनेल हे मुक्त गेटवे सॉफ्टवेअर 1999 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालं, संगणकाला जोडलेल्या फोनमधून संदेश पाठवणारं गामू तर अनेकांनी वापरलेलं आहे. आम्हाला हवं होतं ते मराठीकडून सुरुवात करणारं काहीतरी.

संदेश पाठवणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. कटकट गेटवेवाल्यांची, म्हणजे सॉफ्टवेअरकडून संदेश घेऊन तो मोबाइल कंपन्यांपर्यंत पोचवणाऱ्यांची. कुणाला नंबराआधी 91 हवा, कुणाला नको. एक जण चुकीला चूक म्हणतो, दुसरा 'काम झालं' असा कोड परत देऊन खाली मजकुरात 'फेल' लिहितो. लायब्ररी हे सगळं पोटात घालते, म्हणजे गेटवे बदलला तरी संस्थेचं सॉफ्टवेअर बदलावं लागत नाही. माझा जीव मात्र अक्षरमोजणीत जास्त रमला. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात न दिसणारा एक जोडक जादा बसतो. आमचा कोड तो काढून एक जागा वाचवतो. इंग्रजी संदेशात एखाद्याने वर्डमधून वळणदार अवतरणचिन्ह चिकटवलं किंवा ₹ टाकला, की तो अख्खा संदेश 160 वरून 70 वर येतो, कारण 7 बिटांत बसणाऱ्या अक्षरांच्या मूळ तक्त्यात ही चिन्हं नाहीत. पाठवण्याआधीच लायब्ररी ते दाखवून देते. तुकडा करायची वेळ आलीच, तर व्यंजन एकीकडे आणि त्याची वेलांटी दुसरीकडे असं होऊ देत नाही.

आता मुद्द्यावर येते. 70 ची मर्यादा अटळ नाही. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या 3जीपीपीने आपल्या मानकाच्या नवव्या आवृत्तीत दहा भारतीय भाषांचे 7 बिटांचे तक्ते दिले, त्याला पंधरा वर्षं उलटून गेली. मराठीचा वेगळा तक्ता नाही, पण हिंदीच्या तक्त्यात ळ आहे, ऱ आहे, ॲ सुद्धा आहे. तो वापरला तर एका संदेशात देवनागरीची 155 अक्षरं बसतात. वरचा दुधाचा संदेश संस्थेच्या नाव-गावासकट एकात जाऊन जागा उरते. अँड्रॉइडचा कोड खुला असल्याने मी उघडून पाहिला. हे तक्ते त्यात आहेत. आम्ही ते लायब्ररीतही घातले. पण ज्या ज्या गेटवेवाल्याला विचारलं, त्याचं उत्तर एकच : मॅडम, युनिकोड म्हणजे 70.

इथे कोडचा हात संपतो. भारतात व्यावसायिक संदेश पाठवायचा तर दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे संस्थेची नोंदणी लागते, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं ठरलेलं छोटं नाव लागतं, मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मग जाणारा प्रत्येक संदेश त्या नमुन्याशी ताडला जातो. फसवणुकीचे संदेश रोखायला हे हवंच, माझा त्याला विरोध नाही. 8 मार्च 2021 रोजी ही ताडणी एकदम कडक केली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली, एवढी तिची पकड आहे. म्हणजे ताडणाऱ्या यंत्रणेला हिंदीचा तक्ता वाचता आला नाही, तर आमची लायब्ररी कितीही शहाणी असो, संदेश दारातच पडणार. आणि तो वाचता येतो की नाही हे तपासायचं म्हटलं तर नोंदणी केलेल्या खऱ्या संस्थेच्या नावावरच पाठवून पाहावं लागतं. घरी बसून मुक्त कोड लिहिणाऱ्या पोराला प्रयोगासाठी जागाच नाही.

दूरसंचार कंपन्यांना आहे त्यात तोटा नाही; दोन संदेशांचे पैसे मिळत असताना एकात बसवायची घाई त्यांनी का करावी? म्हणून हे काम ट्रायने करून घ्यायला हवं. तक्ते वापरायला लावा. जमत नसेल तर 140 बाइटचा हिशेब बाजूला ठेवून, भारतीय लिपीतल्या संदेशाला 160 अक्षरांपर्यंत एकाचाच दर लावा. मुक्त कोड लिहिणाऱ्यांना थोडे नंबर, थोडे संदेश एवढ्या मर्यादेत चाचणीची सोय द्या. राज्य सरकारही संदेश पाठवणारं मोठं गिऱ्हाईक आहे. निविदेत 'मराठी संदेश 7 बिटांत' ही एक ओळ घातली तर गेटवेवाल्यांना उत्तर बदलावं लागेल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तुमची दूध संस्था किंवा पतसंस्था रोमन अक्षरांत संदेश पाठवत असेल, तर सभेत विषय मांडा, ठराव करून घ्या आणि त्याची प्रत ट्रायला पाठवा.