काजव्यांची मोजणी दोन छायाचित्रांवरून नको

संपादक महोदय,

कोयना-चांदोलीतले काजवे निम्म्यावर आल्याचा निष्कर्ष आपल्या लेखकाने दोन वर्षांच्या दोन छायाचित्रांवरून काढला आहे. तो मान्य नाही. रानभर उजेड दाखवणारी अशी छायाचित्रे बहुधा अनेक फ्रेम एकावर एक चढवून होतात. दहा मिनिटांच्या चित्राशी तासाभराच्या चित्राची तुलना कशी करणार?

काजव्याच्या पोटात फॉस्फरस जळतो, हे लेखकाचे विधानही चूक. ल्युसिफेरेज या विकरामुळे ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होतो; त्यासाठी एटीपी लागते. मोजताना हेही पाहावे: गारठ्यात लुकलुक मंदावते. चांदण्यात अनेक जाती कमी चमकतात. वळीव लवकर-उशिरा झाला की हंगामही सरकतो.

हीच क्रिया वापरून प्रयोगशाळेत जिवंत उंदरातली कर्करोगाची गाठ पाहतात. तिथेही ल्युसिफेरिन टोचल्यावर किती मिनिटांनी चित्र घेतले, कोणती भूल दिली, केस काळे की पांढरे, यावर उजेड बदलतो. म्हणून हे सगळे आधी ठरवून पाळतात.

प्रखर दिव्यांनी काजव्यांचे मीलन बिघडते, एवढे लेखकाचे खरे. पण वनखात्यापुढे मागणी ठेवायची तर आकडा पक्का हवा. जागा तीच, तिथी तीच, कॅमेऱ्याची मांडणी तीच, शेजारी तापमानाची नोंद. आणि हे सलग काही वर्षे.

कळावे.

— एक वाचक, शिराळा (जि. सांगली)