दाखवायचे दात

गेल्या पावसाळ्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी विभागात आली आणि तिने माझ्यापुढे चार पानांची एक रंगीत, गुळगुळीत पुस्तिका ठेवली. 'सर, जरा वाचून सांगता का, काय करू ते?' मला वाटले, एखाद्या चर्चासत्राचे माहितीपत्रक असेल. उघडून पाहिले तर पहिल्याच पानावर तिचा चेहरा, त्यावर उभ्याआडव्या रेघा आणि कडेला मिलिमीटरमध्ये मापे. खाली निदान लिहिले होते: उजवा सुळा पुढे, मध्यरेषा डावीकडे सरकलेली, हिरडीची कमान असमान, छटा पिवळसर. शेवटच्या पानावर उपाय होता. वरच्या आठ दातांवर पोर्सेलीनचे व्हिनिअर, लेझरने हिरडीची कड सारखी करणे, दोन बैठका. त्याखाली एक आकडा, जो जुळवण्यासाठी तिच्या आईने मुदत ठेव मोडायचे ठरवले होते. या सगळ्याचे शीर्षक होते 'स्माइल मेकओव्हर'.

'दात दुखतात का?' मी विचारले. नाही. किडले आहेत का? नाही. चावताना त्रास होतो? नाही. मग? ती काहीच बोलली नाही. तिने नेहमीसारखा हात तोंडावर नेला.

मी दंतवैद्य नाही, मराठी शिकवतो. पण ती पुस्तिका माझ्याकडे वाचायला आली होती आणि वाचणे हा माझा व्यवसाय आहे. म्हणून एक संहिता म्हणूनच तिच्याबद्दल बोलतो. संहिता म्हणून ती अप्रामाणिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शीर्षकापासूनच सुरुवात करू. 'स्माइल' म्हणजे स्मित. आपल्याकडे हास्याची सर्वांत जुनी वर्गवारी भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात सापडते. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार तिथे आहेत. त्यांतल्या पहिल्या प्रकाराचे लक्षणच असे की त्यात गाल किंचित फुलतात, दृष्टी सौम्य होते आणि दात दिसत नाहीत. दात जरासे दिसू लागले की ते 'हसित' झाले. भरताच्या लेखी स्मिताचे स्थान डोळे आणि गाल हे आहे. (भरताने पहिले दोन प्रकार उत्तम प्रकृतीच्या पात्रांना आणि शेवटचे दोन अधमांना वाटून दिले. मोकळे हसणे हलक्यांचे, ही उतरंड त्यात आहेच आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण निरीक्षण म्हणून ते लक्षण अचूक आहे.) पुढे १८६२ साली ड्युशेन या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन प्रयोग केले आणि तो जवळपास तिथेच पोचला. ओठांचे कोपरे हुकमाने वर ओढता येतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही, असे त्याचे म्हणणे. एक नाट्याचार्य आणि एक शरीरशास्त्रज्ञ, दोघेही हसू डोळ्यांत शोधतात. त्या चार पानांत डोळ्यांचा उल्लेख एकदाच आला होता, तोही दोन बाहुल्यांमधून आडवी रेघ ओढण्यापुरता.

तेव्हा ज्याचा आराखडा काढला होता ते स्मित नव्हे. तो आठ दातांच्या पुढच्या पृष्ठभागाचा आराखडा होता आणि त्याला हास्याचे नाव दिले होते. अलंकारशास्त्रात अंशासाठी पूर्णाचे नाव वापरणे ही लक्षणा होईल, व्यवहारात ती जाहिरात होते.

आता त्या पृष्ठभागाचे नेमके काय करायचे होते ते पाहू, कारण पुस्तिकेने इथे फक्त 'मिनिमल प्रिपरेशन' असे दोन शब्द खर्च केले होते. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात, म्हणून एकदा गेलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. हाड जुळते, कातडी भरून येते, एनॅमल येत नाही. व्हिनिअर बसवण्यासाठी साधारणपणे अर्धा मिलिमीटरभर, कधी कमी कधी जास्त, कवच घासून काढावे लागते. दात वेडेवाकडे असले आणि ते सरळ न करता नुसते सरळ 'दाखवायचे' असले, तर पुढे आलेला दात अधिकच घासावा लागतो, म्हणजे नेमका तिचा सुळा. त्यावर चिकटवलेली पोर्सेलीनची चकती चांगल्या हातांनी बसवली तर दहा-पंधरा वर्षे, क्वचित अधिक, टिकते. मग ती बदलावी लागते. बाविसाव्या वर्षी बसवली तर सदतिसाव्या, बावन्नाव्या, सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा तोच खर्च, आणि दर वेळी दात थोडा आणखी झिजण्याची शक्यता. याला 'दोन बैठका' म्हणणे म्हणजे लग्नाला 'दोन तासांचा समारंभ' म्हणण्यासारखे आहे.

आणि तो 'पिवळसर छटा' नावाचा आरोप! एनॅमल बरेचसे अर्धपारदर्शक असते. त्याच्या आत जे डेंटिन असते ते मुळात पिवळसर असते आणि दाताला रंग येतो तो बहुतांशी त्यातून. वयानुसार कवच झिजते तसा हा रंग अधिक दिसू लागतो. पटाशीच्या दातांपेक्षा सुळे अधिक पिवळे असणे हेही स्वाभाविकच आहे. म्हणजे ज्याला दोष म्हटले तो दात निरोगी असताना दिसणारा दाताचा रंग आहे. दातांच्या छटा जुळवण्यासाठी दंतवैद्य सोळा छटांची एक जुनी पट्टी वापरत आले आहेत, ती नैसर्गिक दातांवरून बेतलेली होती. आता तिच्या पलीकडच्या, निसर्गात क्वचितच आढळणाऱ्या पांढऱ्या छटा वेगळ्या पट्ट्यांवर मिळतात. आधी मापदंड माणसाच्या मापाने झाला, मग माणूस मापदंडाच्या मापाने घासला जाऊ लागला.

पुस्तिकेत 'सुवर्ण गुणोत्तर' हा शब्दही होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला ग्रीक मंदिरांची आठवण करून देऊन गप्प करण्याचा हा हमखास उपाय. समोरून पाहताना शेजारशेजारच्या दातांच्या दिसणाऱ्या रुंदीत हे गुणोत्तर असावे, ही कल्पना १९७०च्या दशकात दंतशास्त्रात मांडली गेली. नंतर लोकांचे दात प्रत्यक्ष मोजले तेव्हा बहुतेकांचे दात, सुंदर मानलेल्यांचेसुद्धा, त्यात बसत नाहीत असे दिसून आले. तरी सूत्र उरले, कारण सूत्र विकता येते.

या व्यवसायाचा उगमही बोलका आहे. १९३०च्या आसपास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरत्या पातळ चकत्या तात्पुरत्या चिकटवून देत. चित्रीकरण संपले की त्या काढायच्या, कारण त्या लावून जेवता येत नसे. आपल्याकडे हत्तीवरून म्हण आहे, खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. इथे ती अक्षरशः खरी होती, पण निदान प्रामाणिक होती, कारण रात्री घरी जाताना नट आपलेच दात घेऊन जात असे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर पदार्थ पक्का चिकटवण्याची रीत दाखवली, १९८०च्या दशकात पोर्सेलीन तसे चिकटू लागले आणि सोंग कायमचे झाले. बुओनोकोर यांच्या शोधाने किडलेले, तुटलेले असंख्य दात वाचले. त्या शोधाशी माझे भांडण नाही.

शुभ्र, सरळ, एकसारख्या दातांची ओढ सनातन आहे, असे मात्र कोणी सांगू नये. पॅरिसमध्ये १७८७ साली व्हिजे ल ब्रं या चित्रकर्तीने मुलीसोबतचे आपले चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात तिचे ओठ किंचित विलग होते आणि दात दिसत होते, एवढ्यावरून रसिकांत कुजबुज झाली. जपानमध्ये उच्चकुलीन आणि विवाहित स्त्रिया शतकानुशतके दात काळे करीत, आणि त्याच देशात अलीकडे, २०१०च्या सुमारास, पुढे आलेला सुळा गोड दिसतो म्हणून मुली पैसे देऊन तो लावून घेत असल्याच्या बातम्या आल्या. माझ्या विद्यार्थिनीला जो फुकट मिळाला होता तोच! लांब कशाला, आपल्याकडच्या सवाष्णी दातवण आणि मिशी लावून दात काळे करीतच होत्या. आणि मेघदूतातल्या यक्षपत्नीच्या दातांना कालिदासाने जे विशेषण दिले आहे त्याचा अर्थ टोकदार दात की पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखे दात, यावर टीकाकारांत दोन पक्ष आहेत. दोन्ही अर्थांत चुनकळीसारखा पांढरा, सपाट दात बसत नाही.

हे सारे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले. नाट्यशास्त्र, ड्युशेन, कालिदास. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'सर, तुम्हाला कुणी कधी हसून दाखवायला सांगितलं नाही ना?'

मग तिने सांगितले. दोन स्थळे येऊन गेली होती. पोहे झाल्यावर एका घरातल्या मावशींनी 'जरा हसून दाखव गं' म्हटले होते आणि दुसऱ्यांनी मध्यस्थाकडून 'दात सोडले तर मुलगी छान आहे' असा निरोप दिला होता. माझ्या युक्तिवादात हे घर नव्हते. ज्याला त्या खोलीत बसावे लागत नाही त्याने निसर्गदत्त सौंदर्यावर व्याख्यान देणे फार स्वस्त आहे. तेव्हा हे स्पष्ट लिहितो की माझा वाद तिच्याशी नाही. तिने चकत्या बसवून घेतल्या तरी मी तिला दोष देणार नाही. त्या क्लिनिकने तिची भीती ओळखली आणि तिला मापे घातली, हे माझे भांडण. पण भीती निर्माण केली ती क्लिनिकने नव्हे.

ती कुणी केली? वाचकहो, इथे आपल्याला आपल्या घरात पाहावे लागेल. कुंदकळ्यांची उपमा वर्गात आम्ही शिकवतो. मोत्यांची दंतपंक्ती फळ्यावर आम्ही लिहितो. नायिकेचे दात कळ्या, खलनायकाचे सुळे, आणि पुढे आलेले दात विनोदी पात्राच्या वाट्याला, ही वाटणी आमच्या कथा, नाटके आणि चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. एखाद्या लेखकाला नोकराणी किंवा विसराळू गुरुजी एका वाक्यात उभे करायचे असले की त्याला दात आठवतात. त्याला आपण 'मोजक्या रेषांतले व्यक्तिचित्रण' म्हणून गुण देतो. मोडक्या दाताच्या देवतेला वंदन करून ग्रंथारंभ करणारी आपली परंपरा, पण तिने एकदंताकडून एवढे साधे शिकू नये! उपमा निरुपद्रवी असतात असे आपण मानतो. त्या दिवशी माझ्या टेबलावर एका उपमेचे अंदाजपत्रक पडले होते.

एक आक्षेप रास्त आहे, त्याला उत्तर देतो. दिसण्यासाठी केलेला प्रत्येक उपचार त्याज्य, असे मी म्हणत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेहून अधिक आहे. तिथे दात घडण्याच्या वयात ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आणि खड्डे कायमचे उमटतात. अपघातात दात तुटलेला असतो, जन्मतः टाळू फाटलेली असते. त्यांना हे शास्त्र मिळालेच पाहिजे, आणि गंमत अशी की ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्या गावात ते क्लिनिक नसते.

आणि ज्याला करायचेच आहे त्याने आराखडा कसा वाचावा, हेही सांगतो, कारण नुसता निषेध कुणाच्या कामाचा नसतो. आधी हिरड्या आणि कीड यांची तपासणी, मग सौंदर्य. हा क्रम उलटा असेल तर पुस्तिका मिटावी. परत फिरता येईल ते आधी, येणार नाही ते शेवटी: दात स्वच्छ करणे, लागलेच तर ब्लीचिंग (त्याने थोडे दिवस दात शिवशिवतात आणि परिणाम कायम राहत नाही), वाकडा दात घासण्याऐवजी तारा लावून सरकवणे, तुटलेल्या कोपऱ्यावर कॉम्पोझिटचा भर. दात न घासता तोंडात तात्पुरता नमुना बसवून पाहता येतो, तो मागावा आणि तो लावून घरच्यांशी बोलून, हसून पाहावे. 'किती घासणार, आणि पंधरा वर्षांनी काय?' हा प्रश्न लेखी विचारावा. शिवाय ज्याला यातून काही मिळणार नाही अशा दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावे.

ती शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन आली. तिथल्या बाईंनी दात निरोगी असल्याचे सांगितले, सुळा सरळ करायचाच असेल तर वर्ष-दीड वर्ष तारा लावाव्या लागतील म्हणाल्या आणि घाई करू नकोस म्हणाल्या. तिने अजून काही ठरवलेले नाही. ठेव मात्र अजून मोडलेली नाही.

मी एवढेच ठरवले आहे की पुढच्या सत्रात कुंदकळ्या आल्या की उपमालंकाराची व्याख्या सांगून पुढे जायचे नाही. ही उपमा कुणाला किती महाग पडते, हेही विचारायचे. आपल्यात एक म्हण आहे, हसतील त्याचे दात दिसतील. हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे, असा तिचा अर्थ आपण लावत आलो. ज्याला हसायचे आहे त्याचे दात दिसणारच, आणि दिसू द्यावेत, असाही तो लावता येईल. असो.